आठवीच्या वर्गात केसरबाई: मोठ्या गायिकेची ओळख मुलांना कशी करून द्यावी

शाळेत एखाद्या मोठ्या गायकाची ओळख करून द्यायची म्हटलं की आपण कोरा कागद घेतो आणि पहिल्या ओळीत जन्मतारीख लिहितो. मग घराणं, मग गुरूंची यादी, मग पुरस्कार, आणि शेवटी ‘अशा या थोर गायिकेस शतशः वंदन’. वंदन होईपर्यंत मागच्या दोन बाकांनी पेनांची टोपणं चावून संपवलेली असतात. मी सिंधुदुर्गातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये संगीत शिकवते आणि दरवर्षी आठवीला केसरबाई केरकरांची ओळख करून देते. हा तास कसा घ्यायचा, असं आसपासच्या शाळांतल्या शिक्षिका विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. आधी आवाज, मग माणूस, तारखा सगळ्यात शेवटी, हा माझा क्रम. बाकी सगळं तुमच्या सोयीनं बदला.

कोणाला निवडायचं

जवळचा गायक निवडा. अगदी किलोमीटरमध्ये जवळचा. केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त, आणि आमच्या मुलांना केरी म्हटलं की तेरेखोलसमोरचा किनाराच आठवतो. त्यामुळे नकाशा उघडून ‘ती नव्हे, ही’ असं दाखवावं लागतं. त्यात पाच मिनिटं जातात, खुशाल जाऊ द्या. जिथे आपली एस.टी. जाते तिथलं माणूस मुलांना खरं वाटतं. केरीत केसरबाईंच्या नावाचं हायस्कूल आहे हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘बाई, त्या शाळेत गाण्याचे तास जास्त असतात का?’

तुमची शाळा सांगे-केप्याच्या बाजूला असेल तर मोगूबाई कुर्डीकर घ्या. त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि मे महिन्यात पाणी ओसरलं की गावाचे अवशेष वर येतात. गोष्टीची सुरुवात तिथेच हजर आहे. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. धारवाडच्या बाजूला मल्लिकार्जुन मन्सूर. पुण्यात भीमसेन जोशी सोपे पडतात. मात्र अकराव्या वर्षी गाणं शिकायला घरातून पळून गेलेल्या मुलाची गोष्ट पालकसभेच्या आठवड्यात सांगू नये, असं माझं मत आहे.

काय वाजवायचं

एकच रेकॉर्ड. ‘जात कहाँ हो’, भैरवी, साडेतीन मिनिटं.

साडेतीनच मिनिटं का, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच गाणं मावायचं. मैफलीत जो राग तास-तासभर मांडायचा, तो तिथे चहा उकळेपर्यंतच्या वेळात बसवायचा. म्हणून रेकॉर्डमध्ये फार प्रस्तावना नाही, गाणं थेट सुरू होतं. सुरुवातीच्या काळातले कलाकार रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारायचे. गौहर जाननं १९०२ साली कलकत्त्यात गाऊन झाल्यावर ‘माय नेम इज गौहर जान’ म्हटलं, ते आजही ऐकायला मिळतं. मुलांना हे फार आवडतं. दोन दिवस वर्गात जो तो कविता म्हणून झाल्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारतो. चालायचंच.

आता यंत्रसामग्री. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर केसरबाई ऐकवू नका. त्यांच्या आवाजाचा खालचा भरदारपणा तिथे गळून जातो आणि उरते ती नुसती खरखर. साधा ब्लूटूथ स्पीकर चालतो, पण तो टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधल्या बाकावर ठेवा. रेकॉर्ड आधी उतरवून घ्या. नेटवर्कच्या भरवशावर राहिलात तर ऐन तानेत साबणाची जाहिरात येते आणि मग तो तास साबणाचाच होतो. तेवढी साडेतीन मिनिटं पंखे बंद करा. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास घेऊ नका, आणि शारीरिक शिक्षणाच्या आधीचा तर मुळीच नको, कारण मुलं मनानं मैदानावर पोहोचलेली असतात.

वर्गात

पहिली दहा मिनिटं गायिकेचं नावच घ्यायचं नाही. मोबाइलवरचा तानपुरा लावा, सा द्या, आणि सगळ्यांना एका श्वासात ‘आ’ लावायला सांगा. घड्याळ एका मुलाच्या हातात द्या. बहुतेकांचा दम दहा-बारा सेकंदांत संपतो. एखादा विशीपर्यंत खेचतो, पण शेवटी त्याचा चेहरा लाल होतो आणि सा कुठल्या कुठे गेलेला असतो. हे हसतखेळत होऊ द्या. श्वास लांबवणं आणि श्वास लांबवून सुरात राहणं यांतला फरक त्यांच्या छातीला कळला की पुढचं काम सोपं होतं.

मग फक्त इतकंच म्हणायचं: ‘आता एक आवाज ऐकवते. ती बाई श्वास कुठे घेते ते शोधायचं. सापडला की हात वर.’

आठवीच्या मुलाला ‘शांत बसून आस्वाद घ्या’ म्हटलं की तो शांत बसतो आणि आस्वाद सोडून बाकी सगळं घेतो. त्याच्या कानाला नेमकं काम लागतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात हसू फुटणारच. आवाज सिनेमातल्या गाण्यांसारखा बारीक नाही, शब्द ओळखीचे नाहीत, वर रेकॉर्डची खरखर. डोळे वटारू नका. गाणं थांबवून ‘हे किती महान आहे माहीत आहे का’ असं तर अजिबात म्हणू नका, त्यानं हसणारे गप्प होतात आणि ऐकणारे बिथरतात. खरखरीबद्दल तेवढं आधी सांगून ठेवा, म्हणजे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

साधारण मिनिटभरानंतर हात वर यायला लागतात, आणि वेगवेगळ्या जागी येतात. गाणं संपलं की भांडण सुरू. ‘इथे घेतला’, ‘नाय, तिथे नुसती थांबली’. हे भांडण म्हणजेच तुमचा तास. पुन्हा एकदा वाजवा. दुसऱ्या वेळी हसू नसतं. एका मुलीनं कंटाळून मला विचारलं होतं, ‘बाई, ही श्वास खंय घेता?’ केसरबाईंच्या जयपूर-अत्रौली घराण्याबद्दल सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

सांगायचं ते थोडक्यात. या घराण्यात गायक मोकळ्या ‘आ’कारात गातो, सूर सुटे सुटे न ठेवता एकातून दुसरा काढतो, आणि मोठा पल्ला एका दमात घेतो. श्वास कधी घेतला हे ऐकणाऱ्याला जाणवू नये, ही त्याची मेहनत. पाठीमागे तबला चालूच असतो. फिरत फिरत दोघं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमके एकत्र येतात. सम समजावण्यासाठी व्याख्या नको. तीनतालाच्या सोळा मात्रा टाळीवर धरायला लावा, अर्धा वर्ग ताल धरेल, अर्धा वर्ग गाईल, आणि एकत्र यायला जमलं की तेच ‘हां!’ म्हणतात. मैफलीतली दाद यापेक्षा वेगळी नसते.

माणूस कसा सांगायचा

आता नाव सांगा. नकाशा काढा. आणि चरित्रातून दोनच गोष्टी उचला, त्या मुलांच्या वयाला भिडणाऱ्या हव्यात.

पहिली गोष्ट: आठव्या वर्षी केसरबाई केरीहून कोल्हापूरला गेल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले. यांतल्या प्रत्येकाचं नाव गाण्याच्या जगात मोठं. इतकं शिकून झाल्यावर, १९२१ साली, अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांची तालीम सुरू झाली. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस. आठवीतल्या मुलांना अठ्ठावीस म्हणजे जवळजवळ म्हातारपण वाटतं. त्या वयात माणूस पुन्हा शिकायला बसतो, आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत त्या गुरूला सोडत नाही, याचं त्यांना खरोखर आश्चर्य वाटतं. ‘इतकी वर्षं नापास होत होत्या का?’ असंही एकानं विचारलं. त्याला उत्तर देताना मला पाच मिनिटं लागली आणि ती सगळ्यात चांगली पाच मिनिटं होती.

अल्लादिया खाँसाहेबांबद्दल इथेच दोन वाक्यं टाका. ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज गेला. परत आला तेव्हा तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली. नुकताच आवाज फुटलेल्या मुलांसाठी ही गोष्ट औषधासारखी लागू पडते. वर्गात गायचं बंद केलेले दोन-तीन जण तरी मान वर करतात.

दुसरी गोष्ट: केसरबाई ध्वनिमुद्रणाला सहजासहजी तयार होत नसत. म्हणून आज ऐकायला जे उरलं आहे ते थोडं आहे. आणि १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. मोबाइलवर दिवसाला पन्नास व्हिडिओ काढणाऱ्या पिढीला, माझं गाणं साठवू नका म्हणणारी बाई कोड्यासारखी वाटते. कोडं सोडवून देऊ नका. ‘तुम्ही असता तर काय केलं असतं?’ एवढं विचारा आणि बोलू द्या.

पुरस्कारांपैकी पद्मभूषण, १९६९, एवढं पुरे. ‘सुरश्री’ ही पदवी सांगणार असाल तर एक काळजी घ्या. ही पदवी रवींद्रनाथांनी दिली असं पुष्कळ भाषणांत ऐकू येतं. रवींद्रनाथांना केसरबाईंचं गाणं आवडायचं हे खरं, पण पदवी कलकत्त्यातल्या एका संगीतप्रेमी संस्थेनं १९४८ साली दिली, आणि रवींद्रनाथ १९४१ लाच गेले होते. परिचयातली प्रत्येक तारीख दुसऱ्या तारखेशी ताडून बघायची सवय लावा. मुलांनाही लावा, त्यांना मोठ्यांच्या चुका पकडायला आवडतं.

एक प्रश्न नववी-दहावीत येतो: त्या कोणाच्या, घरचे कोण? केसरबाई गोव्यातल्या कलावंत समाजातल्या. मोगूबाईही त्याच समाजातल्या. देवळांच्या सेवेशी जोडलेल्या या घरांमधल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणं सांभाळलं. समाजानं गाणं आवडीनं ऐकलं, आणि मान द्यायची वेळ आली तेव्हा हात आखडला. हे सरळ आवाजात, दोन वाक्यांत सांगा. टाळाटाळ केलीत तर मुलं दुसरीकडून ऐकतात आणि तिथे ते ज्या सुरात सांगितलं जातं तो सूर चांगला नसतो.

अवकाशयान शेवटीच

केसरबाईंचं नाव काढलं की जाणकार शिक्षक लगेच व्हॉयेजर काढतात. मोह मलाही होतो. पण आधी सांगितलं की मुलं गाण्यात यान शोधत बसतात आणि कान बंद होतो. शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. तोवर ‘जात कहाँ हो अकेली गोरी’ या ओळीचा अर्थ फळ्यावर लिहून झालेला हवा: कुठे चाललीस, गोरी, एकटीच?

मग सांगा. १९७७ साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दुसऱ्या क्रमांकाचं आधी निघालं, २० ऑगस्टला, आणि पहिल्या क्रमांकाचं नंतर, ५ सप्टेंबरला (इथे वर्ग हमखास हसतो). दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली आहे. वाटेत कुणी भेटलंच तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. म्हणजे आपण तासाला जे करतो आहोत तेच, श्रोते तेवढे अनोळखी. तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यांत मराठीही आहे. तो नमस्कार ऐकवा. घरात बोलतो ती भाषा तिथे आहे हे कळल्यावर वर्ग दणाणतो. संगीताचे २७ तुकडे आहेत. अगदी शेवटाकडे, चीनमधल्या प्राचीन तंतुवाद्यानंतर आणि अमेरिकेतल्या एका अंध गायकाच्या आधी, आपली भैरवी आहे. तीच, आत्ता ऐकली ती. भारतातून निवडलेलं संगीत तेवढं एकच. पहिलं यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावाखालच्या टापूबाहेर पडलं, आणि आज पृथ्वीवरून पाठवलेल्या रेडिओ संदेशाला तिथे पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो.

इथे थांबा. पुढचं वाक्य तुम्ही बोलू नका. फळ्यावरची ओळ त्यांच्या समोर आहे. दरवर्षी कुणाच्या तरी लक्षात येतंच. गेल्या वर्षी खिडकीजवळच्या एका मुलानं फळ्याकडे बघून म्हटलं, ‘बाई, यान पण एकटाच चल्ला मां?’

मग तारखा: जन्म १३ जुलै १८९२, मृत्यू १६ सप्टेंबर १९७७. पहिल्या क्रमांकाचं यान निघाल्यावर अकराव्या दिवशी. वजाबाकी मुलांनाच करू द्या.

परिपाठात दोन मिनिटं मिळाली तर

पूर्ण तास प्रत्येकाला मिळत नाही. परिपाठात किंवा स्नेहसंमेलनात एखाद्या विद्यार्थ्याला निवेदन करायचं असेल तर मी साधारण असा मजकूर देते:

‘आता एक भैरवी वाजेल, साडेतीन मिनिटांची. रेकॉर्ड जुनी आहे, खरखर ऐकू येईल, तिकडे लक्ष देऊ नका. आवाज केसरबाई केरकरांचा. त्या फोंड्याजवळच्या केरीच्या. आठव्या वर्षी गाणं शिकायला कोल्हापूरला गेल्या, आणि चार गुरूंकडे शिकून झाल्यावर अठ्ठाविसाव्या वर्षी अल्लादिया खाँसाहेबांकडे नव्यानं शिकायला बसल्या. ऐकताना एकच करा, त्या श्वास कुठे घेतात ते शोधा. सापडलं तर मला मधल्या सुट्टीत येऊन सांगा. मला अजून दोनच जागा सापडल्या आहेत.’

यात ‘महान’, ‘थोर’, ‘गानसम्राज्ञी’ नाही हे बघा. निवेदकानं पाठ करू नये, दोनदा वाचून स्वतःच्या शब्दांत बोलावं. खाँसाहेबांचं नाव ‘अल्लादिया’ नीट उच्चारता आलं की तालीम संपली.

कलाकार स्वतः शाळेत येणार असेल तर

स्पिक मॅके ही संस्था १९७७ पासून शाळा-कॉलेजांत मोठे कलाकार नेते आहे; तिच्यामार्फत किंवा ओळखीतून एखादा गायक तुमच्या शाळेत आला तर परिचय आणखी आखूड हवा, कारण परिचय ज्याचा तो समोर बसलेला आहे. आदल्या दिवशी फोन करून विचारा: नाव कसं उच्चारायचं, नावाआधी काय लावलेलं आवडतं, गुरूंचं नाव काय, काय गाणार. तबलजी, हार्मोनियमवाले आणि तानपुऱ्यावर बसणारे यांची नावंही घ्या, तेवढ्याच ठसठशीतपणे. निवेदकाच्या कागदावर ‘आणि साथीला इतर कलाकार’ अशी ओळ दिसली तर ती फाडा.

कलाकार तानपुरा जुळवायला लागला की मुलांना वाटतं कार्यक्रम सुरूच होत नाहीये. परिचय तिथे बसवा. ‘आत्ता तारा जुळवल्या जात आहेत, चारही तारा एकमेकींत मिसळल्या की तुम्हाला आपोआप कळेल’ असं सांगितलं की तीनशे मुलं तारांकडे कान लावतात. वेळ सकाळची असेल तर सकाळचा राग येईल, तोडी किंवा जौनपुरी. रागाला वेळ असते हे एका वाक्यात सांगा आणि बाजूला व्हा.

आता आपल्याकडचं खरं दुखणं: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मान्यवरांचे दोन शब्द. ते दोन शब्द कधीच दोन नसतात. गायक माइकसमोर पोहोचेपर्यंत पाचवीच्या रांगेतून खिचडीचा वास कुठून येतोय याची चर्चा सुरू झालेली असते. सत्कार गाण्यानंतर ठेवा. मुख्याध्यापकांना हे आदल्या आठवड्यात, एकांतात, गोड बोलून पटवावं लागतं. ऐनवेळी स्टेजवर पटत नाही. शिपाईकाकांना सांगून तासाची घंटा बंद ठेवा. १५ ऑगस्टला लावतो तो कर्णा लावू नका. लहान वर्ग पुढे, दहावी मागे. कलाकाराला कोमट पाणी. आणि शिक्षकांपैकी कुणीही, लाडानंसुद्धा, सिनेमाच्या गाण्याची फर्माईश करायची नाही.

प्रश्नोत्तरांसाठी शिक्षकांनी प्रश्न लिहून देऊ नयेत. लिहून दिलेला प्रश्न विचारणारं मूल उत्तर ऐकतच नाही, आपली पाळी नीट झाली याच आनंदात असतं. माइक घेऊन गर्दीत जा. ‘तुमचा घसा बसला तर काय करता’, ‘तुम्ही चुकलात तर तबलेवाल्यांना कळतं का’ असे प्रश्न येतात आणि कलाकार मांडी सावरून, खुलून बोलायला लागतो. तोवर मान्यवरांना ऑफिसात चहा द्यावा.